नरगुंदची कुमक

मराठ्यांच्या दप्तरात वर्ष बदलते ते मृगाला. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की कारकून कागदावर नवा सुहूर सन घालू लागतो. म्हणूनच या सनाला मृगसाल असेही म्हणत. १७८५ च्या जूनमध्ये 'खमस समानीन मया व अलफ' संपले आणि 'सीत समानीन' लागले. शेतकऱ्याचे आणि सरकारचे वर्ष बरोबरच सुरू व्हावे अशी ही सोय होती. फौजेचे वर्ष मात्र तिथेच संपायचे. नद्या चढायच्या आत कृष्णा उतरून अलीकडे यायचे, घोडी छावणीला लावायची, शिलेदारांना घरी सोडायचे आणि पुढची मोहीम दसऱ्यानंतर.

त्या साली मृग तोंडावर आला तशी पुण्याची फौज कृष्णेच्या अलीकडे आली. तिच्या दोन सरदारांपैकी एक तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन, दुसरे गणेशपंत बेहेरे. पलीकडे, घटप्रभा आणि मलप्रभा ओलांडून गेल्यावर लागणारा नरगुंदचा डोंगरी किल्ला तसाच मागे राहिला. किल्ल्यात व्यंकटराव भावे, त्यांचे कारभारी काळोपंत पेठे, घरची माणसे आणि शिबंदी. किल्ल्याभोवतीचा म्हैसूरकरांचा वेढा उठला होता. नरगुंदला उपद्रव देणार नाही, असे टिपू सुलतानाने कबूल केले होते. पावसाळ्यातच वेढा पुन्हा पडला, किल्ला गेला आणि भावे-पेठे बेड्या घालून म्हैसूरकडच्या कब्बलदुर्गावर रवाना झाले.

आपल्या भरवशावर लढणाऱ्याला मध्येच सोडून फौज मागे घेणे याला काय म्हणावे, हा प्रश्न अलीकडे जगभर विचारला गेला तो कुर्दांच्या निमित्ताने. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेने उत्तर सीरियातल्या सरहद्दीवरून सैनिक हलवले आणि थोड्याच दिवसांत तुर्कस्तानची फौज आत घुसली. त्या बातम्या वाचताना मला नरगुंद आठवत राहिले. तासगावच्या माणसाला हा प्रश्न परका नाही. तासगावपासून सरळ रेषेत जेमतेम १७० किलोमीटरवर तो घडून गेला आहे आणि त्याचे कागद शिल्लक आहेत.

कागद तीन तऱ्हांचे आहेत. पहिले पटवर्धनांच्या दप्तरातले. ते आपल्या हाती आले ते मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांमुळे. १८५८ साली गुहागरला जन्मलेला हा माणूस मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवत असे. पटवर्धनांची मोडी पत्रे वाचायची, लावायची, बाळबोधीत उतरवायची आणि छापायची, हे काम त्यांनी १८९७ पासून १९२४ साली मरेपर्यंत सोडले नाही. 'ऐतिहासिक लेखसंग्रह' नावाने ते खंड उभे आहेत. दुसरी तऱ्हा टिपूच्या स्वतःच्या पत्रांची. मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर त्याची पत्रवही इंग्रजांच्या हाती लागली आणि विल्यम कर्कपॅट्रिकने निवडक पत्रांचा इंग्रजी तर्जुमा १८११ मध्ये लंडनला छापला. योगायोग असा, की त्या निवडीची सुरुवात फेब्रुवारी १७८५ ला होते, म्हणजे ऐन नरगुंदच्या प्रकरणात. तिसरी तऱ्हा ग्रँट डफची. साताऱ्याला रेसिडेंट असताना त्याने मराठी दप्तरे पाहिली आणि १८२६ मध्ये आपला इतिहास छापला.

तिन्ही साक्षीदारांना आपापली बाजू आहे. पटवर्धनांची पत्रे घरच्यांची आहेत. कर्कपॅट्रिक कंपनीचा अधिकारी होता. टिपू क्रूर होता हे वाचकाला पटवायचे, या हेतूने त्याने निवड केली आणि टीपा जोडल्या. डफ जेत्यांचा माणूस. तरीही तिघे एकमेकांच्या गैरहजेरीत जिथे एकच सांगतात, तिथे पाय रोवून उभे राहता येते. नरगुंदबाबत अशी जागा बरीच मिळते.

गोष्ट १७८५ च्या आधी सुरू होते. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या मधला मुलूख म्हणजे पटवर्धनांची रणभूमी. पुण्यात नारायणरावाच्या खुनानंतर घरभेद माजला तेव्हा म्हैसूरच्या हैदरअलीने, म्हणजे टिपूच्या वडिलांनी, तिकडे पाय पसरले. १७७७ च्या आरंभी सौंशीला त्याच्या फौजेशी गाठ पडली. कोन्हेरराव पटवर्धन तिथे पडले. पांडुरंगराव पटवर्धन पाडाव झाले आणि श्रीरंगपट्टणच्या कैदेतच वारले. सांगली संस्थानचे मूळपुरुष चिंतामणराव हे त्यांचेच चिरंजीव. बाप कैदेत मेला तेव्हा ते अगदी लहान होते. म्हैसूरच्या कैदेचा अर्थ पटवर्धनांच्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती, हे पुढचे वाचताना ध्यानात ठेवायला हवे.

पुढच्या दोन वर्षांत मुलूख हैदरच्या ताब्यात गेला. नरगुंदकर भाव्यांनी त्याला ठरलेली खंडणी देऊन आपले संस्थान राखले. हैदरनेही त्यावर समाधान मानले. खंडणी आणि मान मिळाला की तो अशा जुन्या घराण्यांच्या अंतर्गत कारभारात हात घालत नसे.

मग १७८० आले. इंग्रजांशी लढाई ऐन भरात होती. नाना फडणिसांनी निजाम, नागपूरकर भोसले आणि हैदर यांना जोडून चौकडी उभी केली. हैदरला या जुटीत आणायची किंमत म्हणून कृष्णेच्या दक्षिणेचा तो मुलूख त्याच्याकडे कायम करण्यात आला. त्याने वर्षाला ११ लाख खंडणी द्यायची. ज्या मातीसाठी कोन्हेरराव पडले ती तीन वर्षांनी कागदावर हैदरची झाली. राज्य वाचवण्यासाठी हे करावे लागले, असे नानांच्या बाजूने म्हणता येते आणि मला ते पटते. इंग्रज सेनापती गॉडर्डची फौज बोरघाटापर्यंत आली होती. एप्रिल १७८१ मध्ये ती माघारी फिरली तेव्हा तिच्या पाठीवर बसणाऱ्यांत परशुरामभाऊही होते. हैदर मद्रासकडे इंग्रजांना गुंतवून नसता, तर ती माघार झाली असती की नाही कोण जाणे. पण त्या करारात नरगुंद, रामदुर्ग, कित्तूर इथल्या लोकांना कुणी विचारले नव्हते. दोघांच्या तहात तिसऱ्याची जमीन गेली.

आणि ज्याच्यासाठी ती दिली त्या हैदरचे पुढे काय झाले? १७ मे १७८२ रोजी सालबाईला महादजी शिंदे आणि डेव्हिड अँडरसन यांनी तह केला. हैदरने इंग्रजांचा आणि अर्काटच्या नबाबाचा जिंकलेला मुलूख परत करावा, असे पेशव्यांनी त्यात कबूल केले. म्हणजे दोस्त रणांगणात उभा असताना त्याच्या वतीने त्याच्याच माघारीचा करार झाला. नानांना यातली खोच समजत होती. त्यांनी तहावर मोहर करायला महिनेच्या महिने लावले. हैदर ७ डिसेंबर १७८२ ला वारला, मोहर त्यानंतर झाली. त्याच तहाने इंग्रजांनी रघुनाथरावाला वाऱ्यावर सोडले. दरमहा २५ हजारांची नेमणूक त्याच्या वाट्याला आली आणि वर्ष-दीड वर्षात कोपरगावला तो वारला. एकाच कागदाने दोन्ही पक्षांनी आपापले दोस्त सोडले.

टिपूच्या मनात हे बसलेले असणार. मार्च १७८४ मध्ये मंगळूरचा तह करून तो इंग्रजांच्या लढाईतून मोकळा झाला आणि उत्तरेकडे वळला. नरगुंदकडे त्याने वहिवाटीहून जास्त खंडणी मागितली.

व्यंकटराव भावे आणि पटवर्धन यांच्यात सोयरीक होती. पण नरगुंदचा खरा कारभार काळोपंत पेठ्यांच्या हाती होता. धडाडीचा, कागदपत्रात वाकबगार आणि काहीसा धाडसी असा हा गृहस्थ दिसतो. त्याने पुण्याशी संधान बांधले आणि आपले गाऱ्हाणे तिथवर पोचवले. टिपूच्या बाजूने पाहिले तर हा त्याचा जमीनदार परराज्याशी खलबते करत होता. ती तक्रार पोकळ म्हणता येत नाही.

पुढचा वाद मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो तलवारीआधीचा आहे. नानांनी टिपूच्या वकिलांना सांगितले, की मुलूख एका सरकारातून दुसऱ्या सरकारात गेला तरी जहागीरदाराने वहिवाटीचेच द्यायचे असते. फितुरी न केलेल्या स्वस्थानिकाचे हक्क सगळी राज्ये पाळत आली आहेत. टिपूचे उत्तर थोडक्यात असे, की माझ्या रयतेकडून काय घ्यायचे ते मी ठरवणार. पुण्यातल्या आपल्या वकिलांना त्याने लिहिलेल्या पत्रातही तोच सूर आहे: एका लहानशा जमीनदाराला शासन करता येत नसेल तर राज्य कसले करायचे?

नानांचे म्हणणे न्यायाचे होते आणि टिपूचे म्हणणे कराराला धरून होते. १७८० साली मुलूख लिहून देताना नानांनी स्वस्थानिकांच्या हक्कांचे कलम घालून घेतले असते तर हा वाद उभाच राहिला नसता. देताना जे कलम घातले नाही त्याची आठवण पाच वर्षांनी काढली गेली आणि तोवर ते सिद्ध करायचे ओझे नरगुंदच्या तटावर येऊन पडले होते.

१७८५ च्या सुरुवातीच्या महिन्यांत टिपूचा मेहुणा बुऱ्हाणुद्दीन आणि कडप्याकडून आलेला कमरुद्दीनखान यांनी नरगुंदला मोर्चे लावले. पुण्याहून गणेशपंत बेहेरे निघाले, तासगावाहून भाऊ. पण दोघांना हुकूम होता तो जपून वागण्याचा. लढाई आपण होऊन अंगावर ओढून घ्यायची नाही. नानांची अडचण खरी होती. महादजी दिल्लीच्या कारभारात गुंतले होते. निजामाचा भरवसा नव्हता. टिपूशी एकट्याने युद्ध करायची तयारी झालेली नव्हती आणि उन्हाळा संपत आला होता.

तशात एक गोष्ट घडली. नरगुंदच्या डोंगराभोवती काळी जमीन आहे; उन्हाळ्यात तिथे पाण्याचे हाल. वेढा घालणाऱ्या फौजेला पाणी पुरेना. पुण्याची फौज जवळ आली, काही चकमकी झाल्या, त्यातून निकाल काही लागला नाही; पण पाण्याच्या टंचाईने बुऱ्हाणुद्दीनला वेढा उठवावा लागला. किल्ल्याची वाट मोकळी झाली.

या मोकळ्या वाटेपाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. डोळ्यांसमोर आणायचे तर असे आणावे: तापून लाल झालेला खडकाळ डोंगर, माथ्यावर तट, खाली उठवलेल्या मोर्च्यांची उकरलेली माती, आटलेली तळी. उत्तरेला एक-दोन मजलांवर मित्राची फौज. मलप्रभेला उतार आहे, म्हणजे बैलगाडी, डोली, म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बायका सगळ्यांना पार नेता येईल असे पाणी. ही स्थिती टिकणार होती फक्त पाऊस पडेपर्यंत. त्यानंतर मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा एकीमागून एक चढणार आणि तासगाव-नरगुंदमधले अंतर चार महिन्यांचे होणार. हे भाऊंना माहीत होते, बुऱ्हाणुद्दीनला माहीत होते, नरगुंदच्या पाणक्यालाही माहीत असेल.

त्या दिवसांत पुण्याशी टिपूचे बोलणे जमले. तुंबलेल्या खंडणीपैकी दोन वर्षांची रक्कम देतो आणि नरगुंदला हात लावत नाही, असे त्याने कबूल केले. नानांनी मान्य केले. फौजेला माघारीचा हुकूम गेला. ती कृष्णा उतरून आली. टिपूच्या फौजा मात्र तुंगभद्रेपलीकडे गेल्या नाहीत. रामदुर्ग घेतला गेला, नरगुंदला मोर्चे पुन्हा लागले. या आठवड्यांत टिपूने बुऱ्हाणुद्दीनला लिहिलेले एक पत्र कर्कपॅट्रिकने छापले आहे. किल्ला हल्ला करून घ्यावा लागला तर काळोपंतांखेरीज आत कुणालाही जिवंत ठेवू नये, असा त्याचा आशय. कर्कपॅट्रिकचा हेतू लक्षात घेऊनही हे पत्र बाजूला टाकता येत नाही. काळोपंतांना वगळण्यातच त्याचा खरेपणा दिसतो. पुण्याशी झालेल्या पत्रव्यवहाराचा हिशेब टिपूला त्यांच्याकडून हवा होता. हल्ल्याची वेळ आली नाही. पाण्यादाण्याविना आणि कुमकेविना किल्ल्याने अभय घेऊन दरवाजे उघडले. ते अभय पाळले गेले नाही. कित्तूरही टिपूने घेतले.

दोष कुणाचा? वचन टिपूने मोडले, हे आधी सरळ म्हटले पाहिजे. पण तेवढे म्हणून थांबणे मला पटत नाही. वचन मोडणाऱ्याचा दोष त्याच्यापाशी राहतोच. त्याशिवाय त्या वचनावर दुसऱ्याचा जीव कुणी टाकला, हेही विचारावे लागते. नानांनी टिपूवर भरवसा ठेवला तो स्वतःसाठी ठेवला असता तर तो त्यांचा प्रश्न होता. तो त्यांनी नरगुंदकरांच्या वतीने ठेवला. टिपूने शब्द मोडला तर पुण्याचे जाणार होते दोन वर्षांच्या खंडणीचे पैसे. नरगुंदकरांचे जाणार होते सगळेच.

फौज मागे घेणे हाच अपराध, असे मात्र मी म्हणणार नाही. मृगानंतर त्या काळ्या रानात घोडदळ उभे राहू शकत नव्हते. दाणावैरण नाही, चिखलात तोफ हलत नाही, मागे तीन नद्या. ज्यांनी भाऊंवर भेकडपणाचा ठपका ठेवला असेल त्यांनी आषाढातली मलप्रभा पाहिलेली नाही. शिवाय थोरल्या राज्याने धाकट्यासाठी कायम, कितीही किमतीला लढत राहावे, असे बंधन कोणत्याच नीतीत बसत नाही. पण माघार घ्यायची हे ज्या दिवशी ठरते त्या दिवसापासून एक वेगळे कर्तव्य सुरू होते. ज्याला आपण आजवर धीर दिला त्याला स्पष्ट सांगायचे, की आता चार महिने आम्ही नाही. निघायचे तर आमच्याबरोबर निघ, तह करायचा तर आत्ता कर, तुझ्या बायकापोरांना आमच्या छावणीत पाठव. वाट मोकळी होती. नदीला उतार होता. भाऊंची फौज परतीच्या रस्त्यावर रिकामी चालली होती. व्यंकटरावांनी कदाचित किल्ला सोडला नसता. वतनाला चिकटलेला माणूस सहसा सोडत नाही. तरी ती निवड त्यांनी खरे काय ते कळल्यावर करायला हवी होती. त्यांच्यापर्यंत पोचला तो टिपूच्या कबुलीचा दिलासा, आणि त्या दिलाशावर ते किल्ल्यात राहिले.

कुर्दांची हकीकत इथे शेजारी ठेवतो. १९७० च्या दशकात इराकच्या सरकारविरुद्ध मुस्तफा बारझानींच्या नेतृत्वाखाली कुर्द लढत होते. पैसा आणि शस्त्रे इराणचा शहा देत होता, त्यात अमेरिकेचा गुप्त वाटा होता. ६ मार्च १९७५ रोजी अल्जियर्सला शहा आणि सद्दाम हुसेन यांनी शत्-अल्-अरब नदीच्या सरहद्दीचा वाद मिटवला. मदत जवळजवळ त्या घटकेला थांबली. काही आठवड्यांत लढा कोसळला, माणसे हजारोंनी इराणात पळाली आणि बारझानी १९७९ मध्ये वॉशिंग्टनला वारले. नंतर अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या पाइक समितीने चौकशी केली. १९७६ मध्ये तिचा अहवाल फुटला आणि त्यातून कळले, की कुर्दांनी जिंकावे अशी मदत करणाऱ्यांची इच्छाच नव्हती. इराक दमत राहावा एवढाच मतलब होता. आणि हे कुर्दांना कुणी सांगितले नव्हते.

ते शेवटचे वाक्य वाचताना नरगुंद आणि कुर्दिस्तान यांच्यातले दोनशे वर्षांचे अंतर मिटते. नानांचा हेतू शहाच्या हेतूइतका कोरडा होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्वस्थानिकांच्या हक्कांविषयी त्यांनी मांडलेली बाजू मनापासूनची वाटते. पण नरगुंदचा किल्ला जितके दिवस टिकेल तितके दिवस टिपूची ताकद आणि नियत कळत जाईल, तोवर निजामाशी बोलणे पक्के होईल, हा हिशेब त्या धोरणातून दिसतो, असे माझे अनुमान आहे. किल्ला त्यांच्या हिशेबात वेळ विकत घेत होता. त्या वेळेची किंमत कोण मोजणार आहे, हे किल्ल्यातल्यांना कळले नाही.

२०१९ मध्येही मुद्दा तोच होता. आयसिसशी लढताना आपले सुमारे ११ हजार लोक पडले, असे कुर्दांच्या नेतृत्वाखालच्या सीरियन डेमोक्रॅटिक फोर्सेस या दलाचे म्हणणे. अमेरिकेने तिथे कायम राहावे असे कुणीच म्हणत नव्हते. प्रश्न होता तो निघताना किती दिवसांची सूचना दिली, जाताना कुणाला बरोबर घेतले, आणि मागे उरणाऱ्यांसाठी शत्रूकडून नुसत्या शब्दापलीकडे काय मिळवले याचा.

नानांच्या बाजूने मात्र एक गोष्ट ठळकपणे लिहिली पाहिजे, कारण १९७५ च्या शहाबद्दल ती लिहिता येत नाही. पुण्याने नरगुंद विसरून टाकले नाही. पुढच्याच हंगामात निजाम आणि नागपूरकर भोसले यांना घेऊन मोठी फौज दक्षिणेत उतरली. सेनापती हरिपंत फडके. स्वतः नानाही बदामीपर्यंत गेले. मे १७८६ मध्ये बदामी हल्ला करून घेतली. पाठोपाठ गजेंद्रगड. तुकोजी होळकर आणि गणेशपंत बेहेरे कित्तूरकडे गेले. एप्रिल १७८७ मध्ये गजेंद्रगडचा तह झाला, त्यात टिपूने तुंबलेली खंडणी भरायची होती आणि बदामी, कित्तूर, नरगुंद परत द्यायचे होते. काळोपंत पेठ्यांच्या सुटकेचाही त्यात समावेश होता. मोठ्या राज्यांच्या तहात एका लहान संस्थानच्या कारभाऱ्याची मुक्तता बोलली जावी, ही नोंद मला हलवून जाते. कुणाच्या तरी मनाला ती गोष्ट लागून राहिली होती.

ते मन भाऊंचे होते का? भाऊंचा पुढचा सगळा आवेश पाहिला तर तसे वाटते. पुढे मराठे आणि इंग्रज मिळून टिपूशी लढायला निघाले. १७९० च्या जूनमध्ये कॅप्टन लिटलची मुंबईची पलटण संगमेश्वरला उतरून आंबा घाटाने तासगावजवळ येऊन थांबली, आणि भाऊंनी तिला घेऊन धारवाडला वेढा घातला. सहा महिन्यांहून जास्त काळ चाललेला तो वेढा मार्च-एप्रिल १७९१ मध्ये संपला. आता खरे ते सांगायचे तर पुढचेही सांगावे लागेल. किल्लेदार बद्रुज्जमानखान करार करून बाहेर पडला आणि वाटेत त्याच्यावर मराठ्यांनी हल्ला केला, त्याला जखमी करून कैद केले. करार आधी त्यानेच मोडला, असे कारण दिले गेले. पलटणीबरोबर असलेल्या एडवर्ड मूरने १७९४ मध्ये छापलेल्या वृत्तान्तात हा प्रसंग आहे. नरगुंदच्या मोडलेल्या अभयाचा राग धारवाडला आणखी एक अभय मोडून बाहेर आला.

त्याच युद्धाच्या अखेरीस, मार्च १७९२ मध्ये, श्रीरंगपट्टणला तहाची कलमे ठरत असताना इंग्रजांचा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस कोडगूच्या मागणीवर अडून बसला. कोडगूच्या राजाने इंग्रजांना मदत केली होती. त्याला टिपूच्या तावडीत परत देणार नाही, असा त्याचा आग्रह होता. त्यापायी तह मोडायची वेळ आली, तरी त्याने सोडले नाही. परशुरामभाऊ तेव्हा त्याच बाजूने लढत होते. साधी गोष्ट होती: दोस्ताचे कलम तहाच्या आधी घालून घ्यायचे. पुण्याने १७८० मध्ये आणि पुन्हा १७८५ मध्ये नेमके तेवढे केले नव्हते. (१८३४ मध्ये त्याच कोडगूला कंपनीने खालसा केले, हेही इथे नोंदवतो, थोरल्याच्या पंखाखाली राहण्याची तीही एक किंमत आहे.)

आज तासगावात भाऊंची आठवण म्हणून लोक दाखवतात ते गणपतीच्या देवळाचे गोपूर. सात मजल्यांचे, दक्षिणी घडणीचे. महाराष्ट्रात असे गोपूर सहसा दिसत नाही. कर्नाटकातल्या मोहिमांत भाऊंनी जे पाहिले ते त्यांनी इथे उभे करायला घेतले, आणि १७९९ मध्ये कोल्हापूरकरांशी लढताना ते पट्टणकुडीला पडल्यानंतर मुलाने काम पुरे केले. ऋषिपंचमीला रथ निघतो तेव्हा हजारो हात दोर ओढतात आणि गोपुराखालची वाट गुलालाने भरून जाते. दक्षिणेकडचा तो मुलूख भाऊंनी किती जवळून आणि किती वर्षे पाहिला, हे त्या मजल्यांकडे पाहताना कळते. त्या मुलखात नरगुंदही होते.

नरगुंदला पुढे आणखी एक दिवस बघायचा होता. दत्तक नामंजूर झाल्यावर १८५८ मध्ये भास्करराव भावे, म्हणजे बाबासाहेब नरगुंदकर, इंग्रजांविरुद्ध उठले आणि जूनमध्ये बेळगावला फाशी गेले. तासगावचे संस्थान त्याआधीच, १८४८ मध्ये, वारस नाही म्हणून खालसा झाले होते. बाबासाहेबांना कुमक पाठवायला तासगावात आता कुणी उरले नव्हते.

काळोपंतांना कब्बलदुर्गावर दोन पावसाळे काढावे लागले. गजेंद्रगडच्या तहानंतर मृग लागला तेव्हा दप्तरात कारकुनाने नवा सन घातला: समान समानीन मया व अलफ. खाली नरगुंदचे नाव पुन्हा पुण्याच्या मुलखात आले.